आजीच्या करंड्यातली जखमी मोहर

आजीचे दिवस झाले, पाहुणे पांगले आणि कपाट आवरताना आईच्या हाती पितळेचा करंडा लागला. आत खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं सोन्याचं एक नाणं होतं. वरच्या कडेला झाळून बसवलेली कडी अर्धी तुटलेली, राणीच्या गालावर आडवा चरा, आणि मागची अक्षरं इतकी झिजलेली की बोटाला जाणवत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. मामा म्हणाला, ‘कडी काढून चकचकीत करून आणतो.’ मावशी म्हणाली, ‘मोडून टाका आणि सगळ्यांना सारखं वाटा.’ दोघांच्याही मनात वावगं काही नव्हतं. पण त्या दिवशी यातलं काहीही झालं असतं, तर त्या झिजलेल्या बाजूवर ताडाच्या झाडापुढून चालणारा सिंह आहे हे आम्हाला कधीच कळलं नसतं. ती ईस्ट इंडिया कंपनीची मोहर होती.

तेव्हापासून कुणाच्या घरात असं नाणं निघालं की मी आधी एवढंच सांगते: घाई करू नका. सोनं नासत नाही. दोन महिने ते करंड्यात आणखी पडून राहिलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात.

एका नाण्याच्या तीन किमती

वारशानं आलेल्या सोन्याच्या नाण्याला तीन वेगवेगळ्या किमती असतात. पहिली धातूची, म्हणजे त्यात शुद्ध सोनं किती आणि आजचा भाव काय. दुसरी नाण्याची, म्हणजे ते कुठल्या टांकसाळीचं, कुठल्या सालचं, किती दुर्मीळ आणि किती चांगल्या स्थितीत आहे, यावरून संग्राहक देईल ती. तिसरी घराची. ती बाजारात कुणी देत नाही.

नाण्याला झालेली इजा मुख्यतः दुसऱ्या किमतीला लागते. हिशेबच करून पाहा. ब्रिटिश सॉव्हरिनमध्ये, म्हणजे आपण ज्याला गिनी म्हणतो त्यात, दोन मिलिमीटर रुंदीचं आरपार भोक पाडलं तर निघून जाणारं सोनं सुमारे ०.०८ ग्रॅम भरतं. म्हणजे वजनाच्या साधारण एक टक्का. पण संग्राहकाच्या नजरेत तेच नाणं एकदम खालच्या पायरीवर येतं आणि नेहमीच्या सालचं असेल तर त्याला धातूच्या भावापेक्षा फारसं जास्त कुणी देत नाही. दुर्मीळ नाण्याचं मात्र तसं नसतं. त्याला भोक असलं, कड तुटलेली असली, तरी त्याची किंमत सोन्याच्या भावाच्या बरीच वर राहू शकते. म्हणूनच नाणं खराब दिसतं एवढ्यावरून ते मोडीत काढायचं ठरवू नका. आधी ते कोणतं आहे ते ठरू द्या.

आधी काय करायचं नाही

घासू नका. दागिने आपण रिठ्याच्या पाण्यात धुतो, चिंचेनं उजळतो, दंतमंजन लावतो. दागिन्याला ते चालतं, नाण्याला चालत नाही. नाण्यावरचे बारीक उंचवटे घासल्यावर पुन्हा येत नाहीत, आणि घासलेलं नाणं जाणकाराला पहिल्याच नजरेत ओळखू येतं. बावीस कॅरेटच्या नाण्यात तांबं असतं, त्यामुळे त्यावर लालसर किंवा काळपट डाग दिसतात. ते तसेच राहू द्या. धूळ किंवा कुंकू बसलं असेल तर स्वच्छ पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. कापड वर फिरवू नका.

वाकलेलं नाणं हातोडीनं सरळ करू नका. झिजलेल्या जागी नव्यानं रेघा कोरून घेऊ नका. भोक बुजवून घेऊ नका. तुटलेली कडी कापून काढू नका. कडी झाळताना नाण्याला एकदा आच लागलेली असते, ती काढताना पुन्हा लागते आणि कडेवरचं उरलंसुरलं कामही जातं. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला असेल त्या कपाटात सोनं ठेवू नका. पारा सोन्याला चिकटतो आणि ते पांढरं पडतं.

नाणं धरायचं ते कडेला, दोन बोटांनी, खाली जाड कापड अंथरून. ठेवायचं ते एकटं, दुसऱ्या दागिन्याला न घासता. बाजारात मऊ पीव्हीसीची पाकिटं मिळतात, ती टाळा. काही वर्षांनी त्यातून चिकट, आम्लधर्मी द्रव सुटतो. नाण्यांसाठी मिळणारी कडक, पारदर्शक डबी बरी.

नाणं कुठलं? घराघरांत सापडणारे पाच प्रकार

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतून निघणारी सोन्याची नाणी बहुतेक वेळा या पाचांपैकी एक असतात. सोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान वजनकाटा आणि भिंग घेऊन बसा.

गिनी. खरी इंग्रजी गिनी १८१४ नंतर पाडली गेली नाही. आपल्याकडे गिनी म्हणून असतो तो सॉव्हरिन. वजन ७.९९ ग्रॅम, व्यास सुमारे २२ मिलिमीटर, सोनं बावीस कॅरेट, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, किंवा व्हिक्टोरियाच्या जुन्या नाण्यांवर ढाल. सालाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर एखादं बारीक अक्षर आहे का ते भिंगातून पाहा. तिथे इंग्रजी ‘आय’ असेल आणि साल १९१८ असेल तर तो सॉव्हरिन मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला आहे. मुंबईत सॉव्हरिन पाडले गेले ते फक्त त्या एका सालात. त्याच साली मुंबईत पंधरा रुपयांची सोन्याची मोहरही पाडली गेली. तिचं वजन आणि कस सॉव्हरिनइतकाच आहे.

कंपनीची आणि राणीची मोहर. वजन ११.६६ ग्रॅम, बावीस कॅरेट, शुद्ध सोनं १०.६९ ग्रॅम. १८३५ च्या मोहरेवर चौथा विल्यम, १८४१ च्या मोहरेवर तरुण व्हिक्टोरिया आणि दोन्हींच्या मागे सिंह व ताड. १८६२ पासूनच्या मोहरांवर सिंह नाही. १८७७ पासून राणीच्या नावापुढे ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं. ११.६६ ग्रॅम म्हणजे जुना एक तोळा, बारा मासे, शहाण्णव गुंजा. इथे एक चूक फार होते. आज सराफ तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. आजोबांच्या वहीत ‘एक तोळा मोहर’ लिहिलेलं असेल आणि काट्यावर ११.६६ ग्रॅम आले, तर वही बरोबर आहे.

पुतळी. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, पातळ, पिवळंधमक. ही मुळात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची डुकट. १२८४ मध्ये सुरू झाली आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक कोसळेपर्यंत जवळजवळ त्याच चित्रात पाडली गेली. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त. ही नाणी तांबड्या समुद्राच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर आली. इथल्या बायांनी त्यावरच्या आकृतींना पुतळी म्हटलं आणि त्यांची माळ ओवली. अक्षरं अर्थहीन, वेडीवाकडी असतील तर ती इथेच केलेली नक्कल असण्याचा संभव मोठा. अशा नकलाही जुन्या असतात आणि त्यांचेही अभ्यासक आहेत.

मोगल मोहर. वजन ११ ग्रॅमच्या किंचित खाली. बहुतेकींवर चित्र नसतं, दोन्ही बाजूंना फारसी मजकूर असतो. कडेला किंवा मध्येच बारीक ठसे, टोचे दिसले तर ते बहुधा सराफांनी त्या काळी केलेल्या परीक्षेचे. जाणकार त्यांना निव्वळ इजा मानत नाहीत.

शिवकालीन होन. वजन तीन ग्रॅमच्या आत. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. खरा होन अतिशय दुर्मीळ आहे आणि नकला सर्वत्र आहेत. घरात होन आहे असं वाटलं तर त्यावर घरी निष्कर्ष काढू नका, कुणाला व्हॉट्सअॅपवर फोटोही पाठवत बसू नका. थेट तज्ज्ञाकडे न्या.

याशिवाय सोनारांनी दागिन्यांसाठी केलेल्या सॉव्हरिनच्या नकलाही खूप आहेत. सोनं खरं असतं, पण वजन जुळत नाही, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि नाण्याच्या काठावरचे दाते सारख्या अंतराचे नसतात.

घरच्या घरी पाण्याची परीक्षा

कडी नसलेल्या नाण्याला ही परीक्षा फार उपयोगी पडते. आधी नाण्याचं वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा.

खऱ्या सॉव्हरिनला पाण्यात सुमारे ०.४५ ग्रॅमचा आकडा येतो. ७.९९ भागिले ०.४५ म्हणजे साधारण १७.७. बावीस कॅरेट सोन्याची घनता याच्या आसपास असते, शुद्ध सोन्याची १९.३. तेवढ्याच वजनाचं पितळी नाणं असेल तर आकडा ०.९ च्या पुढे जातो. मुलामा दिलेलं खोटं नाणं असं लगेच उघडं पडतं. ही परीक्षा नाण्याला नापास करू शकते, पास करायला पुरेशी नाही. आणि पुतळीसारख्या हलक्या नाण्याला घरचा काटा पुरत नाही. तिथे ०.०१ ग्रॅमच्या फरकानंही उत्तर चुकतं. कडी असली तर तिच्यातला हलका धातू हिशेब बिघडवतो, म्हणून ती परीक्षा सोडून द्या.

जखम वाचायला शिका

इजा झालेली दिसली की आपण हळहळतो. त्याआधी ती नीट पाहा. भोक राणीच्या डोक्याच्या वर असेल तर कुणीतरी चेहरा सरळ दिसेल असं ते गळ्यात घातलं होतं. समोरासमोर दोन भोकं असतील तर नाणं बहुधा ओवून किंवा कापडाला टाचून वापरलेलं. कडीच्या बुडाशी पिवळ्याची वेगळी छटा दिसते तो डाख, म्हणजे जोडायला वापरलेला हिणकस धातू. नाणं गोल नसून एका अंगानं चपटं वाटलं तर कड कातरली गेली असेल. वजन करा म्हणजे कळेल. सॉव्हरिन ७.९४ ग्रॅमच्या खाली आला की ब्रिटिश कायद्याप्रमाणे तो चलनातून बाद ठरत असे. इतकी काटेकोर नोंद त्या नाण्यांच्या वजनाची होती, म्हणूनच आज घट मोजता येते.

हे सगळं एका कागदावर लिहा: वजन, व्यास, दोन्ही बाजूंचं वर्णन, कोणती इजा कुठे. खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो काढा. झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडात सावलीनं वर येतात. आमचा सिंह तसाच दिसला. आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा. आमच्या मावशीआजीनं मोहर हातात घेतली आणि म्हणाली, ‘ही तर तुझ्या आजीच्या सासूबाईंची. दसऱ्याला घालायच्या.’ हा पुरावा कुठल्याच पुस्तकात नव्हता. जुन्या लग्नाचे फोटो, सराफाच्या पावत्या, दागिन्यांच्या याद्याही शोधून त्याच पाकिटात ठेवा.

सराफाकडे आणि तज्ज्ञाकडे

सराफ सोनं विकत घेतो, संग्राहक नाणं विकत घेतो. हे दोन वेगळे बाजार आहेत, आणि पहिल्या बाजारात विचारलेला भाव दुसऱ्याचा नसतो. सराफाकडे जाताना वाक्य स्पष्ट ठेवा: ‘मोडायचं नाही, फक्त तपासायचं आहे.’ कसोटीच्या दगडावर ओढू देऊ नका, कापू देऊ नका, तापवू देऊ नका. क्ष-किरणांनी कस पाहणारं यंत्र आता बऱ्याच पेढ्यांत आणि हॉलमार्किंग केंद्रांत असतं. त्यानं नाण्याला ओरखडा येत नाही. ते पृष्ठभाग वाचतं, म्हणून नाण्याच्या दोन-तीन ठिकाणी आणि कडीवर वेगवेगळं पाहायला सांगा. हॉलमार्क मात्र मारून घेऊ नका. तो दागिन्याला हवा, जुन्या नाण्यावर ती आणखी एक जखम होईल.

ओळख पटवायला नाणेशास्त्राचा जाणकार हवा. नाशिकजवळ अंजनेरी इथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा नाणेसंग्रह आणि रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आपल्या नाण्यासारखी नाणी तिथल्या दालनात आधी पाहून या. डोळा तयार होतो आणि मग तज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारता येतो. विकायचं ठरलंच तर किमान दोन ठिकाणी लेखी अंदाज घ्या. ज्यानं नाणं पारखलं तोच लगेच विकत घ्यायला उतावीळ झाला, तर थांबा.

कायदा काय म्हणतो

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते. ते घरात ठेवायला, वारशानं घ्यायला आडकाठी नाही. पण खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातीला आठवण म्हणून पर्समध्ये घालून दिलं तरी तो गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पारखण्यासाठी परदेशी संस्थेकडे पाठवण्याआधीही हे लक्षात घ्या. ही शंभर वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते, पंचम जॉर्जची नाणी एकेक करून तिच्यापलीकडे जात आहेत. नाणं रेषेच्या अलीकडचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊनच परदेशी न्या. अशा पुरावस्तूंचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, तो विकताना पाहून घ्या.

दुसरा कायदा १८७८ चा, गुप्तधनाचा. करंड्यातलं नाणं गुप्तधन नव्हे. पण वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली नाणी मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, मग ते घर आपल्याच आजोबांचं का असेना.

कराचं सोपं आहे. वारशानं आलं म्हणून कर लागत नाही. विकल्यावर नफ्यावर लागतो. त्यात आजी-आजोबांनी बाळगलेला काळही धरला जातो, त्यामुळे बहुधा तो दीर्घ मुदतीचा नफा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर १२.५ टक्के आहे, महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय आता नाही. नाणं २००१ पूर्वीपासून घरात असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला आणि आपल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्या.

एक नाणं, चार वारस

मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर हिंदू वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखा आहे, आणि नाणं ज्याच्या हाती लागलं ते त्याचं होत नाही. तज्ज्ञाचा लेखी अंदाज हाती आला की सगळे एकत्र बसा. एकानं ठेवून बाकीच्यांना वाटा द्यावा, किंवा आळीपाळीनं ठेवावं, किंवा विकून पैसे वाटावेत. काहीही ठरवा, पण ते कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नाण्याचा फोटो आणि वर्णन त्या कागदाला जोडा. भावंडांमधली कटुता टाळायला एवढा एक कागद पुरतो.

अंगावर घालायचं असेल तर नव्यानं झाळू नका. नाण्याच्या कडेला नुसतं पकडून ठेवणारं, आच न लागता बसणारं कोंदण करून घ्या. पुढची पिढी ते सहज उघडून नाणं बाहेर काढू शकेल.

आमची मोहर विकली नाही. घासलीही नाही, कडी तशीच अर्धी आहे. तज्ज्ञांनी पाहताना एक गोष्ट दाखवली. राणीचा चेहरा चऱ्यापुरता सोडला तर बऱ्यापैकी शाबूत आहे आणि सिंहाची बाजू जवळजवळ गुळगुळीत. चेहरा बाहेर ठेवून घातलेल्या नाण्याची मागची बाजू अंगाला, लुगड्याला घासत राहते. सिंह झिजला तो पणजीच्या छातीशी. संग्राहकाच्या हिशेबात ती बाजू गेली. आई मात्र दसऱ्याला करंडा उघडते तेव्हा मोहर पालथी करूनच पाहते.